जॉन हडसन, वय वर्षे नऊ

सागरवेळ (होबार्ट)

पुण्यात पाहुणे आले की सिंहगड, तसं आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या होबार्टला पोर्ट आर्थर, ब्रिटनहून आणलेल्या कैद्यांची जुनी वसाहत. गाडीने दीड तास. वाटेत ईगलहॉक नेक लागतं, दोन्ही अंगांना समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. कैद्यांनी पळू नये म्हणून या पट्टीवर आडव्या रांगेत कुत्रे साखळीने बांधून ठेवत. फोटो काढायचे, पाय मोकळे करायचे, पुढे निघायचं.

डिसेंबरात भाऊ-वहिनी आले तेव्हा तीच फेरी झाली. तिकिटातच बंदरातली बोटीची सैर असते. तीत कैद्यांचं दफनभूमीचं बेट दाखवतात आणि खाडीपलीकडचं एक झाडीचं भूशिर. त्याचं नाव पॉइंट प्युअर. वहिनीला वाटलं हवा शुद्ध असेल म्हणून हे नाव. पण लॅटिनमध्ये प्युअर म्हणजे मुलगा. हे पोरांचं जेल होतं, १८३४ ते १८४९. पंधरा वर्षांत तीन हजारांच्या आसपास मुलगे इथे येऊन गेले, सगळ्यात लहान नऊ वर्षांचे. आमचा धाकटा नऊचाच आहे. त्याने विचारलं, "एवढ्या लांब का आणलं? तिकडे जेल नव्हतं?"

उत्तर शोधायला बसले आणि भलत्याच पोरापाशी येऊन थांबले. तो पॉइंट प्युअरचा नव्हे, त्याच्या पन्नास वर्षं आधीचा. जॉन हडसन. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचं जुनं कामकाज आता कुणालाही वाचता येतं, त्यात १० डिसेंबर १७८३ ला त्याचा खटला आहे. आरोप घरफोडीचा. चोरीला गेलेला माल: तागाचा एक शर्ट, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन. मोजे पाच, म्हणजे एकाला जोडीदार नाही. कारकुनाने तेही इमानाने मोजून लिहिलंय.

वय किती? नवव्यात चाललंय. धंदा काय शिकलास? काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो. आईबाप? मेले. केव्हा? माहीत नाही.

मी थांबले ती या शेवटच्या "माहीत नाही"वर.

पुरावा काय, तर काजळी. खिडकीवर आणि आतल्या टेबलावर काजळीने माखलेल्या छोट्या पावलांचे ठसे होते. घरमालकाने ते जमेल तेवढे बारकाईने कागदावर उतरवून घेतले. पुढे गहाणवटीच्या दुकानदाराने साक्ष दिली की याच पोराने शर्ट आणून गहाण ठेवला. न्यायाधीश अगदी पाषाणहृदयी नव्हते. घरफोडी सिद्ध झाली तर फाशी, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ज्युरीला त्यांनी तसा कल दिला. घरफोडीतून सुटका झाली, चोरी तेवढी राहिली. पण पोराला सोडलं तर तो पुन्हा त्याच लोकांच्या हाती पडेल, जे असल्या मुलांना खिडकीतून आत सोडून घरं लुटतात, असं ते म्हणाले. त्याला या सर्वनाशातून ओढून काढता आलं तर बरं. आणि ओढून काढायचा उपाय कोणता? सात वर्षं समुद्रापार.

पुढचं वाचताना दमायला होतं. १७८४ च्या वसंतात मर्क्युरी जहाजातून अमेरिकेकडे रवाना. वाटेत कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतलं आणि इंग्लंडच्याच किनाऱ्याला लावलं. हा पकडला गेला. मग प्लिमथला डंकर्क नावाच्या तरंगत्या तुरुंगात, म्हणजे समुद्रावर जायच्या लायकीचं न उरलेल्या जुन्या जहाजात, तीनेक वर्षं. १३ मे १७८७ ला अकरा जहाजांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला, त्यातल्या फ्रेंडशिपवर हा तेरा वर्षांचा. ताफ्यातला सगळ्यात लहान पुरुष कैदी. मार्च १७९० ला सिडनीहून नॉरफोक बेटावर रवानगी. ज्या सिरियस जहाजाने नेलं, ते त्याच महिन्यात त्या बेटाच्या खडकावर आपटून फुटलं. आणि फेब्रुवारी १७९१ मध्ये रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून हडसनला पन्नास फटके.

म्हणजे काजळीच्या पावलांपासून पन्नास फटक्यांपर्यंत. पोर कधी हसलं का, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं, कुणी त्याला हाक मारायचं का, यातलं एक अक्षर नाही. सरकारला तो जितका नडला तितकाच कागदावर उतरला.

पॉइंट प्युअरबद्दलही लिहायचं होतं, पण मुलाला झोपवायचंय. प्रतिसादात लिहीन.

(दुरुस्तीसाठी एकदा संपादित)

---

वाचनमात्र

चार वर्षांत पहिल्यांदा लॉगिन केलं या धाग्यासाठी. पाच मोज्यांवर अडकलेय. पुढचं लिहा, सागरवेळताई.

---

खवट_काका

लेख उत्तम. पण आजच्या चष्म्यातून कालचं बघू नये, एवढं नोंदवतो. हे पोर लंडनमध्ये राहिलं असतं तर? धुराड्यात गुदमरून मेलं असतं, नाहीतर बारा-तेराव्या वर्षी फासावर गेलं असतं. समुद्रापार निदान अन्न मिळालं. आणि माझ्या माहितीप्रमाणे तुमच्या त्या पॉइंट प्युअरला मुलांना हातातलं काम शिकवत. आपल्याकडे त्या काळी चोर पोरांचं काय करत होते ते आधी बघू, मग साहेबाला शिव्या घालू.

---

सागरवेळ

काका, चष्मा तुमचाही बघू, जरा द्या इकडे :)

काम शिकवत, हे खरं. सुतारकाम, लोहारकाम, जोडे शिवणं, शिंपीकाम, पिंपं बांधणं, होड्या बांधणं, विटा पाडणं, दगड घडवणं, पुस्तकबांधणीसुद्धा. पहाटे उठून हॅमॉक गुंडाळायचा, प्रार्थना, दिवसभर काम, संध्याकाळी थोडी शाळा, पुन्हा प्रार्थना. गव्हर्नर जॉर्ज आर्थरचा हेतू मुलांना मोठ्या कैद्यांच्या संगतीपासून तोडायचा होता, आणि मला वाटतं तो प्रामाणिक होता. पण दुसरं कारणही होतं: इथल्या मळेवाल्यांना ही पोरं नोकर म्हणून नको होती. बुटकी, हाडकुळी, कामाला कुचकामी, वर खोडकर. गिऱ्हाईक नसलेला माल कुठेतरी ठेवायचा होता.

आता अन्नाचं. मुलं इथे यायच्या आधी चॅटमला युरायलस नावाच्या जहाजावर असायची. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या ताफ्यात असलेली ही फ्रिगेट, १८२५ पासून पोरांचा तुरुंग. त्याआधी पोरांना बेलेरोफोनवर ठेवत. होय, नेपोलियन १८१५ ला ज्या जहाजावर शरण आला तेच! १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर युरायलसच्या इस्पितळात काम केलेल्या एका कैद्याने साक्ष दिली. दांडगी पोरं लहानांचं जेवण हिसकावून घेत, काहींना आठवडे-आठवडे मांसाचा तुकडा मिळत नसे. इस्पितळात जायला मिळावं म्हणून पोरं स्वतःचे हात मोडून घेत. बाकावर हात ठेवायचा आणि दुसऱ्याने त्यावर टेबलाची कड आदळायची.

हे "अन्न मिळालं" यात कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

---

खवट_काका

हात मोडण्याचं ठाऊक नव्हतं. माघार नाही, पण अर्धा पाय मागे घेतो.

---

वकीलबाई

नऊ वर्षांच्या मुलावर खटला चाललाच कसा, असं कुणीतरी विचारेल म्हणून आधीच लिहिते. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात सात वर्षांखालचं मूल गुन्हेगार ठरूच शकत नसे. सात ते चौदा या वयात मुलाला समज नाही असं गृहीत धरत, पण सरकार पक्षाने समज असल्याचं दाखवलं तर तो बचाव गळून पडे. हडसनने शर्ट गहाण टाकला, ही गोष्ट त्याच्या समजेवर बोट ठेवणारीच आहे.

आणि "साहेबाचा कायदा" म्हणून हात झटकू नका. हीच सात वर्षांची रेघ १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८२ म्हणून आली, आणि सात ते बारामधल्या अपुऱ्या समजेच्या मुलाचं कलम ८३. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमं २० आणि २१ झाली आहेत. रेघ तिथेच आहे, आकडे तेवढे बदलले. अर्थात आता आपल्याकडे बालन्याय कायदा आहे, त्यामुळे अशा मुलाला तुरुंगात पाठवता येत नाही.

---

माहीमचा_पोर

काका, "आपल्याकडे काय करत होते" याचं एक उत्तर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल. १८५७ ला मुंबईत सुरू झालं. १८५० साली उनाड, अनाथ, किरकोळ चोऱ्या करणाऱ्या मुलांना कारागिराकडे उमेदवारीला बांधून द्यायचा कायदा झाला होता, त्याच्या पाठोपाठ. तिथेही सुतारकाम, लोहारकामच. लहानपणी आम्ही दंगा केला की आजी म्हणायची, "ससूनला टाकीन." पुण्याचे लोक समजतात हॉस्पिटलात टाकीन. आमच्याकडे अर्थ वेगळा होता.

---

पर्थकर

माहीमचा_पोर :D :D

आमच्या पश्चिमेची एक गोष्ट. हे पोर्ट आर्थरइतकं प्रसिद्ध नाही. इंग्लंडच्या वाइट बेटावरच्या पार्कहर्स्ट तुरुंगातून १८४२ ते १८४९ या काळात २३४ मुलगे पश्चिम ऑस्ट्रेलियात आणले. तेव्हा ही "मुक्त" वसाहत होती, कैदी नकोत म्हणून इथले लोक मोठ्या तोऱ्यात सांगत. मग तोड काढली. बोटीवर चढताना मुलांना सशर्त माफी द्यायची आणि इथे उतरवताना कैदी म्हणायचंच नाही, "अप्रेंटिस" म्हणायचं. कागद स्वच्छ. मजूर हवे होते, फुकट मिळाले.

त्यातला एक जॉन गॅव्हिन. वय पंधरा. ज्या शेतावर कामाला लावला होता तिथल्या मालकिणीच्या मुलाचा खून केल्याचा आरोप. ६ एप्रिल १८४४ ला फ्रिमँटलच्या राउंड हाउस या तुरुंगाबाहेर फाशी. पश्चिम ऑस्ट्रेलियात कायद्याने फाशी दिलेला हा पहिला युरोपीय माणूस. म्हणजे पोर. राउंड हाउस आज सहलीचं ठिकाण आहे, खाली समुद्रकिनारा, पलीकडे मासे-चिप्स.

---

रानपाखरू

मुलींचं काय? की मुली चोऱ्या करत नव्हत्या? ;)

---

सागरवेळ

करत होत्या की! मेरी वेड. लंडनमध्ये रस्ते झाडून भीक मागणारी. मैत्रिणीबरोबर एका आठ वर्षांच्या मुलीचे कपडे काढून घेतले. जानेवारी १७८९ मध्ये फाशीची शिक्षा. तेव्हा राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यात होता. मार्चमध्ये तो बरा झाल्याच्या आनंदात ज्या बायकांच्या फाशा माफ झाल्या त्यांत ही होती. लेडी जुलियाना जहाज जवळजवळ वर्षभराने, जून १७९० ला सिडनीला पोचलं. तिथून हीसुद्धा नॉरफोकला. म्हणजे १७९० च्या उत्तरार्धात हडसन आणि मेरी एकाच छोट्याशा बेटावर होते.

मेरी १८५९ पर्यंत जगली. गोतावळा एवढा पसरला की ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्या वंशातले. तिचं चरित्र सांगायला आज हजारो नातवंडं-पणतवंडं आहेत. हडसनसाठी मी एकटी धागा काढून बसलेय.

---

टाकीचे_घाव

मी व्यवसायाने दगडी इमारतींच्या दुरुस्तीत आहे. तीन वर्षांपूर्वी पोर्ट आर्थरचं चर्च पाहिलं. १८३६-३७ मधलं. छप्पर नाही, भिंती उभ्या. गाइडने सांगितलं की घडीव दगडाचं बरंचसं काम पॉइंट प्युअरच्या मुलांचं. मी कोपऱ्यातले घडीव दगड हात लावून पाहिले. शिकाऊ हात लपत नाही. टाकी कुठे खोल जाते, कुठे घसरते, ओळ मध्येच श्वास घेते. आपल्याकडे नवा पाथरवट असाच ओळखू येतो. पण त्याच भिंतीत काही दगड इतके नेटके, की करणारा चौदाचा असो की चाळीसचा, सलाम करावा.

सागरवेळताई म्हणतात ना, सरकारला नडला तितकाच कागदावर. दगडावर नडल्याशिवायही राहिलेत.

---

सागरवेळ

टाकीचे_घाव, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा वजनदार झाला. पुढच्या खेपेला मुलाला घेऊन त्या कोपऱ्यापाशी जाणार.

कागदांबद्दल अजून थोडं. टास्मानियात प्रत्येक कैद्याची पानंच्या पानं आहेत. युनेस्कोने २००७ मध्ये या नोंदी जागतिक स्मृतिसंग्रहात घेतल्या. उंची, डोळ्यांचा रंग, कपाळावरचा व्रण, दंडावर गोंदलेली अक्षरं. खाली गुन्ह्यांची यादी: तंबाखू सापडली, प्रार्थनेच्या वेळी बोलला, उद्धटपणे उत्तर दिलं. त्यासमोर शिक्षा: पाण्या-पावावर एकांतकोठडी, किंवा ढुंगणावर छड्या. मोठ्यांना पाठीवर चाबूक, पोरांना इथे, एवढाच काय तो वयाचा मान.

आणि पोरं गरीब गाय होती असंही कुणी समजू नये. १८४३ मध्ये दोघांनी मिळून मुकादमाला मारलं, दोघांना होबार्टला फाशी झाली. त्याच वर्षी पाहणीसाठी पाठवलेल्या बेंजामिन हॉर्नने अहवालात पॉइंट प्युअरची चांगलीच हजेरी घेतली.

---

रानपाखरू

दोन लहान मुलांनी हातात हात घालून कड्यावरून उडी मारली ती जागाही दाखवतात ना तिथे? मावशी जाऊन आली, ती रडत सांगत होती.

---

सागरवेळ

ती गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या एका गाजलेल्या कादंबरीतली आहे. लोकांच्या मनात ती इतकी रुजली की खरी म्हणूनच सांगितली जाते. मावशींना सांगू नका, पण रडायला खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.

---

दर्यावर्दी

अवांतर: आपल्याला काळं पाणी म्हटलं की थेट अंदमान आणि सावरकर आठवतात. पण अंदमानची वसाहत १८५८ ची, सत्तावन्नच्या उठावानंतरची. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशस, पेनांग, सिंगापूरला धाडले जात. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्या हातचं आहे. टाकीचे_घाव, तिकडे गेलात तर त्या भिंतींवरूनही हात फिरवून या.

---

गणिती

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले, एक गोष्ट कुणी मोजली नाही म्हणून लिहितो.

शिक्षा सात वर्षं. निकाल डिसेंबर १७८३. समुद्रापारच्या शिक्षेची मुदत शिक्षा झाल्यापासून धरत. ७ मिळवा. डिसेंबर १७९०.

पन्नास फटके फेब्रुवारी १७९१.

---

वाचनमात्र

अरे देवा.

---

खवट_काका

दोनदा मोजलं. बरोबर आहे. मग नऊनंतर बाहेर न पडण्याचा नियम त्याला लागूच कसा झाला? त्याने सांगितलं का नाही, की माझी मुदत संपली?

---

सागरवेळ

गणिती, मी हा लेख लिहिताना दोन्ही तारखा माझ्यासमोर होत्या आणि मला दिसलं नाही.

काका, सगळाच दोष नियमाचा नसेल. सिरियस फुटल्यावर बेटावर खाणारी तोंडं जास्त आणि धान्य कमी अशी अवस्था होती, मेजर रॉसने लष्करी कायदा पुकारला होता. डोंगरावर घरटी करणारे समुद्रपक्षी मारून लोक जगले. रात्री बाहेर दिसलेला माणूस धान्य चोरायलाच निघालाय, हा संशय आधी.

पण "सांगितलं का नाही" याचं उत्तर सिडनीत आहे. पहिला ताफा निघाला तेव्हा कुणाची किती शिक्षा कधी संपते याचे कागद इंग्लंडमध्येच राहिले. गव्हर्नर फिलिपकडे ताडून बघायला काही नव्हतं. १७८९ मध्ये एका कैद्याने त्याच्याकडे दाद मागितली की माझी मुदत भरली, मला सोडा. बोलण्याच्या ओघात त्याने लेफ्टनंट गव्हर्नरचं नाव घेतलं, ते बदनामीकारक ठरलं. ६०० फटके आणि सहा महिने बेड्या. तो लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे हाच रॉस. मार्च १७९० पासून नॉरफोकचा प्रमुख.

मूळ लेखात फटक्यांच्या वाक्यात मी "कैदी हडसनला" असं लिहिलं होतं. "कैदी" काढून टाकलंय.